संकटानंतरची आशा : पंडिता रमाबाईंचें उदाहरण

भूकंप, महापूर, अवर्षण यांसारखीं संकटें कोसळलीं म्हणजे धान्य, वस्त्रें, पैसा यांची मदत येऊं लागते, आणि ती यावयासच पाहिजे. परंतु ज्याचें सर्वस्व गेलें त्याच्या मनांत उद्यांची आशा पुन्हां कशी उत्पन्न व्हावी, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. ख्रिस्ती श्रद्धेनें या प्रश्नाला दिलेलें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांवीं पाहावयास मिळतें. तें म्हणजे पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन होय.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. तीर्थक्षेत्रें हिंडत व पुराणें सांगत हें कुटुंब निर्वाह करी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां जवळचा पैसा सरला, दागिने व भांडीं विकलीं गेलीं, आणि रानांतील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. शास्त्राखेरीज दुसरी विद्या घरांत कोणासच येत नव्हती. मजुरीची संवय नाहीं आणि भीक मागण्यास जीभ रेटत नाहीं. प्रथम वडील गेले, मागोमाग आई व पुढें थोरली बहीण.

आईच्या अखेरच्या आजारांतील एक प्रसंग रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेवला आहे. भुकेल्या आईसाठीं त्या शेजारणीकडे भाकरी मागावयास गेल्या. पण तोंडांतून शब्द फुटेना, डोळ्यांना मात्र धारा लागल्या. अखेर त्या दयाळू बाईनें भाकरी दिली. गोष्ट लहानशीच, तथापि पुढील सर्व कार्याचें बीज तींत आहे असें मला वाटतें. ज्याला खरी गरज असते त्याला पुष्कळदां मागतां येत नाहीं. देणाऱ्यानेंच तें ओळखावें लागतें.

पतिनिधनानंतर रमाबाई इंग्लंडास गेल्या व १८८३ सालीं तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजानें टाकलेल्या स्त्रियांचा ख्रिस्ती भगिनी मायेनें सांभाळ करितात, हें त्यांनीं लंडनमध्यें पाहिलें. आणि विहिरीजवळ भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशीं येशू कसा वागला, ती बायबलांतील कथा ऐकली. देव पतितांना टाकीत नाहीं, तेव्हां त्याच्या भक्तानेंही टाकूं नये, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा झाला.

१८९६ सालीं पावसानें दगा दिला व मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. पोरक्या मुलींना आणि तरुण विधवांना भुकेइतकेंच दुष्ट माणसांचेंही भय आहे, हें त्यांच्या ध्यानीं आलें. सुमारें ३०० जणींना त्यांनीं आणलें. पुण्यांत प्लेगमुळें इतकीं माणसें ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या जमिनीवर तात्पुरता निवारा उभारला. १९०० च्या गुजरातेंतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

परंतु अन्नछत्र घालून त्या थांबल्या नाहींत. हाताला काम न येणाऱ्या कुटुंबाची काय गत होते, हें त्यांनीं भोगलें होतें. म्हणून लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना हीं कामें मुलींना शिकविलीं. अंध मुलींना बोटांनीं वाचण्याची लिपि व टोपल्या विणणें शिकविलें. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर केडगांवच्याच छापखान्यांत छापलें गेलें. काल भाकरीची वाट पाहणारी मुलगी उद्यां खिळे जुळवूं लागते, तेव्हां आपला कोणास तरी उपयोग आहे असें तिला कळतें. आशा म्हणतात ती हीच.

या कार्यावर आक्षेपही आले. शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. तो आक्षेप पोकळ म्हणतां येणार नाहीं. घासाच्या मोबदल्यांत कोणाचा धर्म मागणें केव्हांही योग्य नव्हे. बायबलमध्येंच दयाळू शोमरोन्याची कथा आहे. वाटेंत जखमी पडलेल्या माणसाला त्यानें जात विचारली नाहीं. जखमा बांधल्या, उतारशाळेंत नेलें आणि पुढील खर्चाचीही तजवीज केली. ख्रिस्ती सेवेची कसोटी हीच होय.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. केडगांवचें काम आजही चालू आहे. आपला धर्म कोणताही असो, पुढील संकटाच्या वेळीं कपड्यांचें गांठोडें पाठवून झाल्यावर आपण दोन प्रश्न स्वतःस विचारावे : ज्याला मागतां येत नाहीं असा कोण राहिला? आणि त्याच्या हातीं कोणतें काम देतां येईल?