किंग्ज कॉलेजचा गायकवृंद आणि नऊ पाठांची नाताळ-उपासना

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा गायकवृंद सोळा मुलगे आणि साधारण चौदा तरुण पुरुष यांचा मिळून होतो. मुलगे कॉलेजच्याच शाळेत शिकतात. तरुण हे विद्यापीठाचे विद्यार्थी असून गायनासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळते. ऑर्गन वाजवायला दोन विद्यार्थी असतात आणि सर्वांवर एक संगीत संचालक. जग या वृंदाला ओळखते ते नाताळच्या आदल्या दिवशी होणाऱ्या ‘नऊ पाठ आणि कॅरल’ (कॅरल म्हणजे नाताळगीत) या उपासनेमुळे. १९२८ पासून बीबीसी रेडिओ ही उपासना प्रसारित करत आला आहे आणि जगभर तिचे लाखो श्रोते आहेत. पण वृंदाचे मुख्य काम नाताळचे नाही. विद्यापीठाचे सत्र चालू असताना जवळजवळ रोज संध्याकाळी कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, उपासना गाणे, हे ते काम. नाताळात ऐकू येणारी सफाई या रोजच्या गाण्यातून तयार होते.

स्थापना आणि वास्तू

राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये ईटन येथे शाळा काढली आणि १४४१ मध्ये केंब्रिजला किंग्ज कॉलेज. कॉलेजच्या घटनेतच त्याने गायकांची तरतूद करून ठेवली: दहा धर्मगुरू, सहा प्रौढ गायक आणि सोळा बालगायक. बालगायक गरीब घरचे, सुदृढ, बारा वर्षांच्या आतले आणि वाचता-गाता येणारे असावेत, अशी अट होती. भोजनगृहात वाढण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. सोळा हा आकडा आजही तोच आहे.

चॅपेलची कोनशिला १४४६ मध्ये बसली. राजघराण्यांमधील यादवी युद्धांमुळे काम अनेकदा थांबले आणि दगडी बांधकाम पूर्ण व्हायला १५१५ साल उजाडले. आतून सुमारे ८८ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि २४ मीटर उंच अशा या वास्तूचे छत जॉन वॅस्टेल या गवंड्याने अवघ्या तीन-चार वर्षांत उभारले. खांबांच्या माथ्यांपासून दगडी फासळ्या पंख्यासारख्या पसरत जातात. या प्रकारचे एवढे मोठे छत जगात दुसरे नाही. आठव्या हेन्रीच्या काळात चॅपेलच्या मधोमध कोरीव लाकडी पडदा उभा राहिला. ऑर्गन त्याच पडद्यावर बसवलेला आहे.

गायनाचा विचार करताना ही वास्तू बाजूला ठेवता येत नाही. दगडी भिंती आणि उंच छत यांमुळे प्रत्येक स्वर थांबल्यानंतरही काही सेकंद घुमत राहतो. घाईने गायले तर शब्द एकमेकांत मिसळतात, किंचित बेसूर झाले तर ती चूक पुढच्या स्वरावर सांडते. त्यामुळे नेमका सूर, शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा सर्वांनी एकाच क्षणी केलेला उच्चार आणि वाक्यानंतर नाद विरेपर्यंत थांबण्याची सवय, या तीन गोष्टी इथल्या गायकांच्या अंगी लहानपणीच बाणवल्या जातात. किंग्जच्या स्वच्छ, संयत, कंपनरहित स्वराची जी ख्याती आहे, तिच्यात या दगडांचा मोठा वाटा आहे.

वृंदाची रचना

भारतीय गायनात एकच सुरावट विस्तारत जाते. इथे चार किंवा अधिक गट एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गातात आणि त्यांच्या मेळातून संगीत उभे राहते. सर्वांत वरचा भाग, ट्रेबल, मुलगे गातात. त्याखालचे आल्टो, टेनर आणि बास हे भाग तरुणांकडे असतात. आल्टोसुद्धा पुरुषच असतात. नेहमीच्या आवाजाऐवजी वरच्या पट्टीतला पातळ आवाज लावून ते गातात.

गायक समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये उभे राहतात. दक्षिणेकडच्या बाजूला डेकॅनाय आणि उत्तरेकडच्या बाजूला कँटोरिस म्हणतात. दोन्ही बाजूंना आठ-आठ मुलगे आणि त्यांच्यामागे तिन्ही पुरुषी आवाज, म्हणजे प्रत्येक बाजू हा एक पूर्ण वृंदच असतो. स्तोत्रांच्या ओळी दोन्ही बाजू आलटून पालटून गातात, तर मोठ्या रचनांमध्ये त्या एकमेकींना उत्तरे देतात.

मुलगा साधारण आठ-नऊ वर्षांचा असताना निवडला जातो आणि आवाज फुटेपर्यंत, म्हणजे तेराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत गातो. विद्यार्थी गायक तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. याचा अर्थ, पाच वर्षांत जवळजवळ सगळा वृंद बदलतो. तरीही त्याचा स्वर ओळखू येतो, कारण तो एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. नवा मुलगा अनुभवी मुलाशेजारी उभा राहतो, त्याचा श्वास कुठे पडतो आणि पान कधी उलटते हे पाहतो आणि काही वर्षांनी तोच दुसऱ्या नवख्याचा आधार होतो.

रोजची उपासना

अँग्लिकन चर्चच्या सायंकालीन उपासनेला ईव्हन्साँग म्हणतात. तिचा आराखडा सोळाव्या शतकातल्या प्रार्थनापुस्तकाने घालून दिला. त्यात स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटलेली आहेत. शास्त्रपाठांच्या जोडीला मरियेचे स्तोत्र आणि शिमोनाचे स्तोत्र गायले जाते. त्यानंतर प्रार्थना आणि वृंदाने गायची एक स्वतंत्र रचना, म्हणजे अँथम.

या चौकटीसाठी जवळजवळ पाचशे वर्षे संगीत लिहिले गेले आहे. टॅलिस आणि बर्ड या संगीतकारांपासून स्टॅनफर्डपर्यंतच्या रचना इथे नित्याच्या आहेत. सतराव्या शतकातील श्रेष्ठ संगीतकार ऑर्लँडो गिबन्स १५९६ मध्ये याच वृंदात बालगायक म्हणून आला होता. हर्बर्ट हॉवेल्स यांनी १९४० च्या दशकात खास या चॅपेलसाठी ‘कलेजियम रेगाले’ ही रचनामालिका लिहिली. तिच्यातली लांबत जाणारी स्वरवाक्ये छताखालचा घुमारा गृहीत धरूनच बांधलेली आहेत.

सतराव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये राजसत्ता नसतानाच्या काळात, हे गायन बंद पडले होते आणि राजसत्तेबरोबर १६६० नंतर पुन्हा सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच इंग्लिश वृंदांप्रमाणे इथलाही दर्जा घसरला. १८७६ मध्ये आर्थर हेन्री मान ऑर्गनवादक झाले आणि १९२९ पर्यंत, त्रेपन्न वर्षे, त्यांनी हा वृंद घडवला. त्यांच्या काळात मुले केंब्रिजबाहेरूनही निवडली जाऊ लागली आणि त्यांच्या निवासाची सोय झाली. प्रौढ पगारी गायकांच्या जागी हळूहळू विद्यार्थी गायक आले. आजची रचना तेव्हाच ठरली.

नऊ पाठांचा उगम

नाताळची ही उपासना मूळची किंग्जची नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला ट्रुरो येथे १८८० मध्ये बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी ती प्रथम योजली. ट्रुरोचे नवे कॅथीड्रल अजून बांधून पूर्ण व्हायचे होते. नाताळच्या आदल्या रात्री दहा वाजता, एका तात्पुरत्या लाकडी शेडमध्ये ही उपासना झाली. नऊ लहान शास्त्रपाठ आणि त्यांच्यामध्ये गीते असा तिचा क्रम होता. बालगायक पहिला पाठ वाचणार आणि चढत्या क्रमाने शेवटचा पाठ बिशप वाचणार, ही पद्धतही तेव्हाचीच. बेन्सन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले.

किंग्जमध्ये ती आणली एरिक मिल्नर-व्हाइट यांनी. पहिल्या महायुद्धात ते सैन्याचे धर्मगुरू होते. युद्धावरून परतून चॅपेलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, झालेल्या या तरुणाला चर्चच्या रूक्ष उपासनेत कल्पकता आणि ऊब यांची उणीव जाणवत होती. शस्त्रसंधीनंतर सहा आठवड्यांनी, २४ डिसेंबर १९१८ रोजी, किंग्जमध्ये नऊ पाठांची पहिली उपासना झाली. तिच्या आरंभीची प्रार्थना त्यांनी स्वतः लिहिली. गरीब, आजारी, एकाकी आणि शोकाकुल माणसांची आठवण करून ती दिवंगतांच्या अगणित समुदायाकडे वळते. कॉलेजचेही अनेक तरुण युद्धात पडले होते. त्या वर्षी हे शब्द कोणासाठी आहेत, हे चॅपेलमध्ये बसलेल्यांना सांगावे लागले नसेल.

क्रम आणि त्यामागचा विचार

पाठांचा क्रम एक कथा सांगतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदामाच्या अपराधापासून ती सुरू होते. दुसऱ्या पाठात देव अब्राहामाला वचन देतो. तिसऱ्या आणि चौथ्यात यशया संदेष्टा येणाऱ्या राजाचे आणि शांतीच्या राज्याचे भाकीत करतो. पाचव्यात गब्रीएल देवदूत मरियेला भेटतो, सहाव्यात येशूचा जन्म, सातव्यात मेंढपाळ, आठव्यात पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष. नववा पाठ योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ आहे आणि तो ऐकताना सर्व मंडळी उभी राहते. पहिला पाठ बालगायक वाचतो. पुढे विद्यार्थी गायक, शहराचे आणि ईटनचे प्रतिनिधी असे वाचक येतात आणि अखेरचा पाठ कॉलेजचे प्रमुख, म्हणजे प्रोव्होस्ट, वाचतात.

गीते या कथेला बांधलेली असतात. मिल्नर-व्हाइट यांच्या मते उपासनेचे बळ पाठांमध्ये होते, संगीतात नव्हे. त्यामुळे गीते दरवर्षी बदलतात आणि पाठांचा सांगाडा तसाच राहतो. मैफल आणि ही उपासना यांतला फरक इथे स्पष्ट होतो. मैफलीत एक रचना संपली की टाळ्या पडतात आणि दुसरी सुरू होते. इथे टाळ्या नाहीत. गीत पाठावर भाष्य करते आणि पुढच्या पाठासाठी जागा करून देते.

आरंभ मात्र १९१९ पासून ठरलेला आहे. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांनी मुलांसाठी लिहिलेले आणि गाँटलेट यांनी चाल दिलेले ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्ज सिटी’ हे गीत मिरवणुकीने येणारा वृंद गातो. पहिले कडवे एकच मुलगा, कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गातो. तयारी अनेक मुलांची करून घेतलेली असते आणि कोणी गायचे हे संचालक अगदी शेवटच्या क्षणी खुणेने सांगतो. आधीपासून माहीत असेल तर त्या मुलावर दिवसभर दडपण येईल, म्हणून ही प्रथा पडली. पाठ संपल्यावर मंडळीसह गायचे शेवटचे गीत ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ हे असते. चार्ल्स वेस्ली यांच्या या शब्दांना लाभलेली चाल मेंडेल्सझोन यांनी १८४० मध्ये गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या उत्सवासाठी केली होती. विल्यम कमिंग्ज यांनी १८५० च्या दशकात ती या शब्दांना जोडली.

रेडिओ, पुस्तके आणि नव्या रचना

१९२८ च्या पहिल्या प्रसारणानंतर फक्त १९३० चा अपवाद वगळता दरवर्षी ही उपासना रेडिओवर आली आहे. १९३० च्या दशकापासून ती परदेशी केंद्रांवरूनही ऐकू येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात चॅपेलच्या रंगीत काचा काढून सुरक्षित ठिकाणी हलवल्या होत्या. त्याही काळात प्रसारण चालूच राहिले, फक्त ठिकाणाचे नाव जाहीर केले जात नसे. दूरचित्रवाणीसाठी १९५४ मध्ये निराळा कार्यक्रम झाला. ‘कॅरल्स फ्रॉम किंग्ज’ या नावाने तो आधीच ध्वनिचित्रमुद्रित केला जातो.

मान यांच्यानंतर बोरिस ऑर्ड यांनी १९२९ ते १९५७ या काळात वृंदाला आजची काटेकोर शिस्त लावली. त्यांच्यामागून आलेल्या डेव्हिड विलकॉक्स यांचा प्रभाव किंग्जच्या भिंतींबाहेर सर्वांत दूर गेला. मंडळी मूळ चाल गात असताना मुलांनी तिच्यावर गायची उंच स्वतंत्र सुरावट, म्हणजे डिस्कँट. त्यांनी केलेले डिस्कँट ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’ या १९६१ च्या पुस्तकात छापले गेले. रेजिनल्ड जॅक्स यांच्यासोबत संपादित केलेले हे पुस्तक शाळा, चर्च आणि हौशी वृंदांच्या हाती पडले आणि किंग्जचा नाताळ घरोघरचा झाला. त्यांच्याच काळात, १९६३ मध्ये, आलेग्री यांच्या ‘मिझेरेरे’चे ध्वनिमुद्रण झाले. त्यातला रॉय गुडमन या मुलाचा उंच स्वर आजही ऐकला जातो.

१९८२ ते २०१९ या काळात स्टीफन क्लिओबरी संचालक होते. जुन्या गीतांच्या आठवणींवर ही उपासना जगू नये, म्हणून १९८३ पासून त्यांनी दरवर्षी एका संगीतकाराकडून नवे कॅरल लिहून घेतले. ज्युडिथ विअर यांचे ‘इल्युमिनारे, जेरुसलेम’ (१९८५), जॉन रटर यांचे ‘व्हॉट स्वीटर म्युझिक’ (१९८७), आर्वो पॅर्ट यांचे चर्च स्लाव्होनिक भाषेतील ‘बोगोरोदित्से द्येवो’ (१९९०) आणि थॉमस अॅडेस यांचे ‘द फेअरफॅक्स कॅरल’ (१९९७) ही त्यातली काही. त्यांपैकी बऱ्याच रचना आता जगभरचे वृंद गातात.

प्रसार आणि आजचे प्रश्न

नऊ पाठांचा आराखडा साधा असल्याने तो सहज प्रवास करतो. मोठा वृंद नसला तरी नऊ वाचक आणि काही परिचित गीते एवढ्यावर तो उभा राहतो. त्यामुळे अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये, भारतातही, तो रुजला. गायक मुलांना शाळेत घडवण्याची कल्पनाही मुंबईत पोहोचली होती. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रलला बालगायक मिळावेत म्हणून १८७५ मध्ये स्वतंत्र शाळा निघाली. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलच्या पूर्वसंस्थांमध्ये तिची गणना होते.

इंग्लंडमध्ये आता खरा प्रश्न कोणी गायचे हा आहे. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा वृंद सुरू केला आणि त्यानंतर बहुतेक कॅथीड्रल त्याच वाटेने गेली. केंब्रिजमधल्याच सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ पासून आपल्या वृंदात मुली आणि स्त्रिया घेतल्या. किंग्जचा मुख्य वृंद मुलगे आणि पुरुष यांचाच राहिला आहे. स्त्री-पुरुषांचा ‘किंग्ज व्हॉइसेस’ हा वेगळा वृंद १९९७ मध्ये निघाला असून तोही चॅपेलमध्ये ईव्हन्साँग गातो. परंपरेच्या बाजूचे लोक मुलग्यांच्या आवाजाचा खास रंग दाखवतात, तर बदल मागणारे म्हणतात की अशा शिक्षणाची संधी मुलींनाही मिळायला हवी. दोन्ही बाजूंना या शिक्षणाचे मोल मान्य आहे, आणि वाद त्यामुळेच महत्त्वाचा आहे.

क्लिओबरी यांच्यानंतर २०१९ मध्ये डॅनियल हाइड संचालक झाले. पुढच्याच वर्षी कोविडच्या साथीमुळे चॅपेलमध्ये मंडळी बसवता आली नाही आणि उपासना आधी ध्वनिमुद्रित करून प्रसारित करावी लागली. त्यानंतर ती पुन्हा मंडळीसह होऊ लागली. नव्या कॅरलची प्रथाही चालू आहे. सत्र सुरू झाले की वृंद ईव्हन्साँगसाठी उभा राहतो आणि त्या दिवसाच्या वाट्याची स्तोत्रे दोन्ही बाजूंनी आलटून पालटून गायली जातात.