एडीएचडी, ऑटिझम आणि रील्स : निदान खरंच जास्त होतंय का?

आजच्या भागाचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेले काही महिने दोन प्रकारचे मेसेज सारखे येतायत. पहिला, "दादा, मला वाटतं मला एडीएचडी आहे, टेस्ट कुठं करू?" आणि दुसरा, "हे सगळं नवीन फॅड आहे, आमच्या वेळी कुणाला काही नव्हतं." गंमत म्हणजे दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे पुरावे आहेत. आज तेच नीट उलगडून बघू.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या विषयात मी स्वतः एकदा पाय घालून बसलोय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रात्री दीडची रील

यूएसच्या क्लायंटचा कॉल संपवून मी अंथरुणात फोन चाळत होतो. एक रील आली, 'ही पाच लक्षणं असतील तर तुम्हाला एडीएचडी आहे'. किल्ल्या विसरणं, काम शेवटच्या दिवसावर ढकलणं, पुस्तक अर्धवट सोडणं... पाचही माझीच! खाली लिंक, लिंकवर सहा प्रश्न, आणि निकाल 'दाट शक्यता'. मग पैसे भरून वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळी पीडीएफ हजर : अडल्ट एडीएचडी.

खरं सांगू? मला हलकं वाटलं. इतकी वर्षं 'आळशी आहेस' ऐकलेल्या माणसाला कुणीतरी कारण दिलं होतं.

नंतर एका मित्राच्या सांगण्यावरून मी एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे प्रत्यक्ष गेलो. त्यांनी पीडीएफ बाजूला ठेवली आणि विचारलं, "शाळेत कसे होतात तुम्ही? आईंशी बोलता येईल का?" पुढच्या वेळी आई आली, माझी जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन. मॅडमनी जवळपास तासभर प्रश्न विचारले. त्यातला मोठा भाग झोपेवर होता. दीड वर्ष मी रोज पाच तास झोपत होतो, तेही तुटक तुटक. शेवटी त्या म्हणाल्या, "हे एडीएचडी वाटत नाही. आधी झोप दुरुस्त करू."

त्यांनी बालपणाबद्दल का विचारलं? कारण नियमच तसा आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या पुस्तकात निकष दिलेले आहेत. प्रौढांमध्ये नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत. त्यातली काही १२ व्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. ती घर, ऑफिस अशा दोन किंवा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. त्यामुळे रोजच्या आयुष्यात खरोखर अडचण यायला हवी. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्याचा उलगडा होत नसायला हवा. रील यातली फक्त पहिली अट विचारते, तीही अर्धवट.

सहा प्रश्नांचा फॉर्म काय सांगतो?

असे फॉर्म वाईट नसतात. पण ते चाळणी आहेत, निदान नाही. थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेत.

समजा १,००० लोकांपैकी ४० जणांना खरंच एडीएचडी आहे. फॉर्म चांगला आहे, तो ९० टक्के खऱ्या केसेस पकडतो. म्हणजे ३६ सापडले. पण उरलेल्या ९६० निरोगी लोकांपैकी १० टक्क्यांना तो चुकून 'हो' म्हणतो. ते झाले ९६. आता 'हो' आलेले एकूण १३२, आणि त्यातले खरे ३६. म्हणजे 'दाट शक्यता' आलेल्या चार जणांपैकी साधारण एकालाच तो त्रास आहे. फॉर्म ९० टक्के अचूक असूनसुद्धा! म्हणून चाळणीनंतर माणसाने नीट बसून तपासणं गरजेचं असतं. ती पायरी वीस मिनिटांत उरकली की चुका थेट रिपोर्टवर येतात.

आणि रीलचं म्हणाल तर, कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीचे सगळ्यात लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले होते. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आला : त्यातले ५२ टक्के दिशाभूल करणारे.

आकडे वाढले म्हणजे आजार वाढला का?

आता मोठं चित्र बघू. अमेरिकेच्या सीडीसीने २००० साली आठ वर्षांची मुलं मोजली, तेव्हा १५० मध्ये एकाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता होती. २०२२ च्या मोजणीत हे प्रमाण ३१ मध्ये एक झालं. त्याच वर्षी तिथल्या ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी एडीएचडीचं निदान झालेलं होतं. म्हणजे सुमारे ७० लाख मुलं.

आमच्या कामात एक नेहमीचा अनुभव आहे. सिस्टिममध्ये नवीन लॉगिंग टाकलं की दुसऱ्या दिवशी एरर दुप्पट दिसतात. मॅनेजर घाबरतो. पण बग दुप्पट झालेले नसतात, आधी दिसत नसलेले दिसायला लागलेले असतात.

ऑटिझमचं बरंचसं असंच आहे. त्याची रक्ततपासणी नाही, वागणुकीच्या वर्णनावरून निदान होतं. त्यामुळे वर्णन बदललं की आकडा बदलतो. १९९४ मध्ये डीएसएम-४ मध्ये ॲस्पर्जर हा सौम्य प्रकार आला आणि व्याख्या रुंदावली. पूर्वी ज्या मुलांवर सरसकट 'मतिमंद' असा शिक्का बसायचा, त्यातल्या अनेकांना आता ऑटिझमचं निदान मिळतं. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. तिथं ऑटिझमची जी वाढ दिसली, तिच्यातला सुमारे ६० टक्के भाग निकष आणि नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे होता.

म्हणजे नुसता आकडा वाढणं हा अतिनिदानाचा पुरावा नाही.

मग अतिनिदान होतच नाही?

होतं. आणि त्याचा एक जबरदस्त पुरावा आहे.

अमेरिकेत अनेक राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरची कटऑफ आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान, आणि सप्टेंबरचं मूल पुढच्या वर्षी जाऊन वर्गात सगळ्यात मोठं. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अशा राज्यांत ऑगस्टच्या दर १०,००० मुलांमागे सुमारे ८५ जणांना एडीएचडीचं निदान झालं होतं, सप्टेंबरच्या मुलांमध्ये सुमारे ६४. म्हणजे ३४ टक्के जास्त! जिथं ही कटऑफ नाही, तिथं हा फरक दिसला नाही.

मेंदूचा आजार काही जन्मतारखेचा महिना बघून येत नाही. वर्गातल्या मोठ्या मुलांच्या तुलनेत ही पोरं चुळबुळी दिसली, इतकंच. वय लहान होतं, आणि त्याला आजार म्हटलं गेलं. पहिलीच्या प्रवेशाला आपल्याकडेही वयाची तारीख असतेच, तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी हे डोक्यात ठेवावं.

खुद्द डीएसएम-४ च्या समितीचे अध्यक्ष ॲलन फ्रान्सिस यांनीच नंतर उघडपणे सांगितलं की निकष सैल झाल्यामुळे निदानांची लाट आली. ज्याने नियम लिहिले तोच हे म्हणतोय, हे महत्त्वाचं.

इथं दोन शब्द वेगळे करू. 'चुकीचं निदान' म्हणजे माझी केस : त्रास झोपेचा, नाव एडीएचडीचं. 'अतिनिदान' म्हणजे निकषांत कसंबसं बसतं, पण त्या नावाने माणसाचा फायदा कमी आणि नुकसान जास्त होतं. पहिल्यात खरं कारण तसंच राहून जातं. दुसऱ्यात माणूस स्वतःला त्या लेबलमधूनच बघायला लागतो.

आणि आता दुसरी बाजू

मॅडमकडून परत येताना रिक्षात आई म्हणाली, "तुझ्यासाठी तासभर विचारलं बाईंनी. दादाला कुणी पाच मिनिटं तरी विचारलं असतं तर..."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मराठवाड्यातल्या एका गावात वाढलेला. तोंडी हिशोबात आमच्या सगळ्यांच्या पुढे, पण वाचायला बसला की अक्षरं उलटसुलट. शाळेत त्याला 'मठ्ठ' म्हणायचे, छड्या बसायच्या. नववीनंतर सुटलाच. आज त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि हात सोन्याचा आहे. पण मला तो व्हॉट्सॲपवर कधीच टाइप करून मेसेज पाठवत नाही. कायम व्हॉइस नोट.

त्याला डिस्लेक्सिया होता असं मी म्हणणार नाही. कुणी तपासलंच नाही, तर मी कोण ठरवणार? पण आपल्याकडची खरी गोष्ट हीच आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नव्हते. देशात एक लाख लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आकडा ०.७५ च्या आसपास सांगितला जातो. मुलांचं बघायचं तर २०१८ मध्ये पाच ठिकाणच्या २ ते ९ वयाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपला उत्तर गोवाही होता. ६ ते ९ वयोगटात मेंदूच्या वाढीशी संबंधित किमान एक अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण जागेनुसार ६.५ ते १८.५ टक्के निघालं. यात ऐकण्या-बघण्याच्या अडचणी आणि फिट्सही धरल्या आहेत.

म्हणजे एकाच राज्यात, एकाच घरात दोन्ही घडतं. माझ्यासारख्याला इंटरनेट आणि कार्डच्या जोरावर नसलेलं निदान मिळतं, आणि दादासारख्याला गरज असताना साधी तपासणीही मिळत नाही. 'निदान जास्त होतंय की कमी' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. विचारायचं ते हे : कुणाचं, कुठे आणि कसं?

हा प्रश्न आता आमच्या घरात परत आलाय. दादाची मुलगी तिसरीत आहे. बाई म्हणतात, "हुशार आहे, पण वाचनात लक्ष नाही." गेल्या महिन्यात दादाची व्हॉइस नोट आली : "ते रीलवालं खूळ तर नाही ना रे हे? उगाच पोरीला लेबल नको." माझाच किस्सा त्याने ऐकला होता, त्यामुळे मला जरा टोचलं. 'सगळं फॅड आहे' हे वाक्य आपण सहज बोलतो, पण ते असं तिसरीतल्या पोरीपर्यंत पोचतं.

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

- आधी डोळे आणि कान तपासून घ्या. झोपेबद्दल विचारा.
- तपासणाऱ्याने शाळा आणि घर दोन्हीकडची माहिती घेतली का? लहानपणापासूनची विचारली का? नसेल तर ते निदान अर्धवट आहे.
- 'या नावाने काय बदलेल?' हे स्पष्ट विचारा. अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम हे दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. नुसता एडीएचडी त्या यादीत नाही.
- तपासणी सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातही होते. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये अध्ययन अक्षमतेचं वेगळं क्लिनिक आहे.
- शंका असेल तर दुसरं मत घ्या. पण औषध चालू असेल तर माझा किस्सा ऐकून स्वतःहून बंद करू नका. ज्यांना खरंच एडीएचडी आहे त्यांना औषधाचा चांगला उपयोग होतो.

आणि कुणाशी बोलायचंच कळत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दादाने पोरीच्या तपासणीची तारीख घेतलीये. काय निघेल माहीत नाही. काहीच निघालं नाही तरी चालेल, पण या वेळी निदान कुणीतरी विचारणार आहे.

तुमचा अनुभव काय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत फोन ठेवा आणि जरा झोपा. भेटू लवकरच!