मोटारीचा कान

मलकापुराहून बुलढाण्यास येतांना मोताळा मागें पडला कीं राजुराचा घाट सुरू होतो. गाडीची खरी प्रकृति येथें कळते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्याची पेट्रोलची मोटार या चढावर अशी धापा टाकूं लागली कीं भाजीचा टेंपोही आम्हांस मागें टाकून गेला. गाडींत आमच्या वहिनी होत्या, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीस निघालेल्या. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला होता.

एका गॅरेजांत यंत्र जोडून पाहिलें. त्यावर 'पी ०३२५' असा आंकडा उमटला. नॉक सेन्सरच्या विद्युन्मंडलांत दोष, हा त्याचा अर्थ. तेथें नवा सेन्सर बसविला, दिवा विझविला व पैसे घेतले. चवथ्या दिवशीं दिवा पुन्हां पेटला.

येथें थोडें मूळ सांगितलें पाहिजे. पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणास दट्ट्या वर पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी द्यावी लागते, कारण ज्योत पसरण्यास वेळ लागतो. ठिणगी फार लवकर पडली, किंवा इंजिन फार तापलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप भडकतें आणि लोखंडावर खडे आपटावे तसा आवाज होतो. हाच ठोका, तो सतत चालूं राहिला तर दट्ट्या फुटतो. ठिणगी उशीरां पडली तर ठोका नाहीं, पण जोरही नाहीं. जुन्या मोटारींत डिस्ट्रिब्यूटर हातानें फिरवून ही वेळ साधीत. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांनीं पेट्रोलांत शिशाचें संयुग घालून ठोका थांबविण्याची युक्ति काढली. तें विषारी खरें, पण आपल्या देशांतून तें हद्दपार होण्यास २००० साल उजाडावें लागलें!

आतांच्या गाडीस कान असतो. सिलिंडरांच्या ठोकळ्यावर बोल्टानें आवळलेली ती एक लहानशी चकती. तिच्या आंतील पदार्थावर दाब पडला कीं वीज उत्पन्न होते. हा गुण क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविला होता. ठोक्याचें कंपन आलें कीं गाडींतील संगणक ठिणगी थोडी मागें घेतो व शांत झालें कीं हळूहळू पुढें नेतो. कानाकडून कांहींच येत नसेल, तर तो सावध माणसाप्रमाणें ठिणगी उशीरांच ठेवतो. गाडी घाटांत कां दमली, तें यावरून उलगडतें.

लहानपणीं आम्ही तर्कसंग्रह शिकलों. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं, तापलेल्या लोखंडी गोळ्यास धूर नसतो. तोच घोटाळा येथें झाला होता. सेन्सर बिघडला तर तो आंकडा उमटतो. म्हणून आंकडा उमटला कीं सेन्सरच बिघडला, असें नव्हे.

खामगांवच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं हें अर्ध्या तासांत दाखविलें. प्रथम त्यांनीं काढून ठेवलेला जुना सेन्सर मीटरास जोडून पान्ह्यानें हलकेच ठोठावला. मीटर हललें, म्हणजे तो जिवंत होता! मग त्यांनीं सेन्सरपासून संगणकापर्यंतची तार हातानें चाचपली. इंजिनामागें उंदरानें ती कुरतडली होती. गाडी शेतांतील खळ्यावर उभी राहात असे, हें पुतण्यास तेव्हां आठवलें. ही तार जाळीच्या वेष्टणाची असते, कारण तिच्यांतून जाणारी वीज अगदीं क्षीण. म्हणून मिस्त्रींनीं नुसता पीळ न देतां झाल देऊन वेष्टणही जोडलें. नव्या सेन्सरचा बोल्ट त्यांनीं सैल करून मापाच्या पान्ह्यानें पुन्हां आवळला, सुमारें २० न्यूटन-मीटर. तो कमी-जास्त झाला तर कान बधिर होतो, असें ते म्हणाले.

आणि ठोका खरोखरच ऐकूं येत असेल तर? मग काजळी, तापलेलें पाणी, चुकीचा प्लग, हलकें पेट्रोल, किंवा दांता चुकलेली टायमिंगची साखळी, यांचा शोध घ्यावा. तेथें ओरडणाऱ्या कानास दोष देऊन काय उपयोग?

पुढल्या पंधरवड्यांत वहिनींची दुसरी तपासणी होती. राजुराचा घाट गाडी तिसऱ्या गिअरवर चढली; भाजीचा टेंपो मात्र त्या दिवशीं दिसला नाहीं.