आकडा आणि शब्द : मानसिक आरोग्यसेवेचे मूल्यमापन

शब्दाचा अर्थ संदर्भानुसार बदलतो हे आपण जाणतो. या बदलाचा परिणाम शासकीय आकड्यावरही कसा होतो, ते येथे पाहू.

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यात आला. त्याचे काम कसे चालले आहे असे विचारले, की 'वर्षभरात इतके रुग्ण तपासले' हे उत्तर प्रथम पुढे येते. हा आकडा मिळवण्यास सोपा, पण अपुरा होय. उपचारांची गरज असलेल्यांपैकी किती जण उपचारांवाचून राहिले, हे प्रमाण अधिक बोलके असते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात ते आजारानुसार ७० ते ९२ टक्के आढळले. मात्र त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे हे आकडे मावळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

गरज किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचे तर शब्द लागतात. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जी तपासणी सूची भरतात, तिच्यात दोन प्रश्न मनाविषयी आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला काय, आणि उदास, निराश वाटले काय. समजा, नाणे मावळातील एखाद्या बाईला हा दुसरा प्रश्न विचारला. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी, देहू-आळंदीच्या संतवाङ्मयात, 'उदास' म्हणजे विरक्त. तो दोष नव्हे, गुण आहे. आजच्या बोलण्यात अर्थ बदलला खरा, तरी ही बाई आपले दुखणे त्या शब्दात सांगेलच असे नाही. ती म्हणेल, 'जिवाला करमत नाही, घास गोड लागत नाही, डोकं जड राहतं.' सूचीत मात्र 'मुळीच नाही' अशी खूण होते. म्हणजे गरज कमी नोंदली गेली, आणि गंमत अशी, की त्यामुळे व्यवस्थेची कामगिरी कागदावर सुधारली!

दुसरा शब्द 'संदर्भित'. समजा, त्या बाईची नोंद नीट झाली आणि तिला येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाण्यास सांगितले. गावातून कामशेत, तेथून लोकलने पुणे, पुढे येरवडा; एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला आलेल्याचीही. 'संदर्भित केले' या रचनेत पाठवणाऱ्याची कृती पूर्ण होते; जाणारी पोहोचली काय, हे त्या क्रियापदात नाहीच. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर किती दूरध्वनी आले, या आकड्याचेही तसेच : पुढे त्या माणसाचे काय झाले, हे त्यात नसते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक तेवढे तज्ज्ञ मनुष्यबळ दहा वर्षांत उपलब्ध करण्यासाठी प्रयत्न करण्याचे बंधन त्याने शासनावर घातले आहे. ही मुदत २०२८ मध्ये संपते. तेव्हा तज्ज्ञ मोजले जातील. त्यांच्यापर्यंत पोहोचलेली माणसे मोजायची, तर नोंदवहीत 'संदर्भित' या रकान्याशेजारी 'पोहोचली' आणि 'पुन्हा आली' असे आणखी दोन रकाने हवेत.

कृती : आपल्या परिसरात मनाचे दुखणे कोणकोणत्या शब्दांत सांगितले जाते? वडीलधाऱ्यांशी बोलून असे दहा शब्दप्रयोग लिहून काढा आणि वरील दोन प्रश्न आपल्या बोलीत पुन्हा मांडा.