अमेरिकेतील कॉलेज खेळाडूंची मजुरी : तोंडी शब्द आणि लेखी करार

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखाच मोठा बाजार आहे. (तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, आपला वेगळा.) बास्केटबॉलही तसाच. कॉलेज बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेचे टी.व्ही. हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले गेले. ज्या मुलांच्या घामावर हा बाजार उभा होता त्यांच्या हाती काय पडे? फी माफी, राहणे, जेवण आणि पुस्तके. स्वतःच्या नावावर वा फोटोवर कमाई केली तर मुलगा संघाबाहेर. एनसीएए नावाची कॉलेज खेळांची मोठी संघटना शौकिया खेळाच्या नावाखाली हा नियम चालवीत होती. आमच्या भाषेत सांगायचे तर विणकराला दोन वेळचे जेवण द्यायचे आणि ताग्याचा सगळा नफा पेढीने ठेवायचा, असा तो हिशेब.

पैसा वाटला जातच नव्हता असे मात्र नाही. तो मागच्या दाराने येई. कॉलेजचे धनवान पाठीराखे, ज्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात, चांगला खेळाडू आपल्या कॉलेजात यावा म्हणून गुपचूप पाकिटे देत. डल्लास शहरातील सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत एका बूस्टरच्या पैशातून १३ खेळाडूंना ६१ हजार डॉलर दिल्याचे उघड झाले. शिक्षा म्हणून एनसीएएने १९८७ चा त्यांचा संपूर्ण फुटबॉल हंगामच रद्द केला.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना नावावर कमाई करू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने शिक्षणाशी संबंधित लाभांवर मर्यादा घालणारे एनसीएएचे नियम नऊही न्यायमूर्तींच्या एकमताने बेकायदा ठरविले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपले नाव, चेहरा आणि ओळख जाहिरातीसाठी विकण्याची मुभा मिळाली.

इथपर्यंत व्यवहार साफ आहे. बुटांच्या कंपनीने खेळाडूचा फोटो वापरला, दाम दिला. लेबल वापरण्याचा मोबदला दिला म्हणा. पण बूस्टर मंडळींनी लगेच वर्गणी जमवून 'कलेक्टिव्ह' नावाचे फंड काढले. खेळाडूने चार सह्या करायच्या, एका कार्यक्रमाला हजेरी लावायची आणि त्याबद्दल हजारो, कधी लाखो डॉलर घ्यायचे. कागदावर जाहिरात, प्रत्यक्षात संघात येण्याची किंमत. माल न देता बिल फाडणे काय असते हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. काही फंडांनी तर धर्मादाय संस्थेचा करमाफीचा शिक्काही मिळविला होता. जून २०२३ मध्ये तिकडच्या कर खात्याच्या वकिलांनी मत दिले की असे पुष्कळ फंड करमाफीला पात्र नाहीत. आमच्या मते ते रास्तच झाले. खैरात आणि मजुरी एका वहीत लिहिता येत नाही.

व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावे अशा दोन घटना आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा राज्यातील लास व्हेगास युनिव्हर्सिटीचा मॅथ्यू स्लूका हा खेळाडू पहिले तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. त्याच्या एजंटचे म्हणणे, एका सहाय्यक प्रशिक्षकाने एक लाख डॉलरचा शब्द दिला होता, तो पाळला नाही. युनिव्हर्सिटीने हे मान्य केले नाही, आणि लेखी काहीच नव्हते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून घेण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे, तो अशाच भांडणांसाठी.

पण नुसता कागद असूनही भागत नाही. जेडन रशादा या खेळाडूशी २०२२ साली फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या पाठीराख्यांच्या फंडाने १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. करार लेखी होता; परंतु फंडाला वाटेल तेव्हा तो मोडता येईल असे कलम त्यातच होते. डिसेंबर २०२२ मध्ये तो मोडला गेला. मुलगा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला आणि मे २०२४ मध्ये त्याने प्रशिक्षकासह इतरांवर फसवणुकीचा दावा लावला. खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे हे सही करण्याआधी कोणी वाचले होते, हा आमचा प्रश्न आहे. विशीच्या आतल्या मुलाकडून ती अपेक्षा करणे कठीण, मग दलालाने तरी वाचायला हवे होते.

६ जून २०२५ रोजी कोर्टाने मोठी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई देण्याचे ठरले. शिवाय कॉलेज आता स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते. २०२५-२६ साठी मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरचा ६०० डॉलरचा किंवा त्याहून मोठा करार तपासणीसाठी नोंदवावा लागतो. खरा धंद्याचा हेतू आहे का आणि दर बाजारभावाला धरून आहे का, हे पाहिले जाते. भरपाईत पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉललाच सिंहाचा वाटा जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी त्याच महिन्यात अपील केले.

जाहिरातीची कमाई करणारा खेळाडू कराच्या दृष्टीने स्वतंत्र धंदेवाईक ठरतो. रकमेतून कर कापून मिळत नाही, तो वर्षभर स्वतः बाजूला काढून ठेवावा लागतो. आणि आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर तिकडे गेलेल्या मुलामुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या व्हिसावर बाहेरचे काम करण्यावर कडक बंधने आहेत, त्यामुळे खेळ कितीही उत्तम असला तरी जाहिरातीच्या करारावर सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि वकिलाकडे विचारणा करावी, नाहीतर व्हिसाच धोक्यात येतो.