चरबी अडविणारे अन्न : मेथी, भाकरी आणि बाटलीतली पावडर



उसाची गाडी काट्यावर चढली की पाच-दहा किलोसाठीसुद्धा आपण डोळ्यात तेल घालून आकडा बघतो. स्वतःचे वजन मात्र वर्षानुवर्षे कोणी बघत नाही. उजनीचे पाणी आले, ऊस आला, ट्रॅक्टर आले. अंगमेहनत घटली आणि पोटे सुटली. शेतकी गटात फिरताना हल्ली आम्हाला हुमणीइतकाच दुसराही प्रश्न विचारला जातो, "साहेब, ती चरबी अडवायची पावडर घ्यावी का?" म्हणून या अंकात उसाचे बेणे जरा बाजूला ठेवले आहे.

खाल्लेले तेल-तूप आतड्यात जसेच्या तसे शोषले जात नाही. प्रथम पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो. फवारणीच्या टाकीत तेल पाण्यात मिसळावे म्हणून आपण साबण घालतो, तोच हा प्रकार. मग स्वादुपिंडातून येणारे 'लायपेज' नावाचे पाचकद्रव्य ते थेंब फोडते आणि चरबी अंगात शिरते. या दोन्हींपैकी एका जागी अडथळा आला की थोडी चरबी न पचताच बाहेर पडते.

असा अडथळा करणारे पदार्थ आपल्या घरात आहेत. मेथीदाण्यात वजनाने जवळजवळ निम्मे तंतू असतात. रात्री भिजत घातले की दाणे बुळबुळीत होतात, तो चिकट भाग आतड्यात पित्तरसाला धरून ठेवतो. जवसाचेही तसेच. ताकातील चुना म्हणजे कॅल्शियम चरबीशी मिळून एक प्रकारचा साबण करतो, तो शौचावाटे जातो. पण हिशेब नीट ध्यानात घ्या. यातून अडणारी चरबी दिवसाला फार तर काही ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर तेलाएवढी. कालवणावर तेलाचा तवंग ठेवायचा आणि वर मेथी खायची, तर मेथी बिचारी काय करणार!

ज्वारीविषयीही खरे तेच सांगतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु पांढऱ्या मालदांडीत चरबी अडविणारे तुरट द्रव्य फारसे नसते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू, गव्हाच्या आट्यातही जवळपास तेवढेच. तांदूळ आणि मैद्यात मात्र तीनच्याही आत. भाकरीचा मोठा गुण निराळा आहे. ती बिनतेलाची होते, चावायला वेळ लागतो आणि पोट लवकर भरते. कडक भाकरी तर विचारूच नका. फक्त तिच्याबरोबरच्या शेंगाचटणीला हात आवरता घ्यावा, कारण शेंगदाण्यात शंभराला चाळीसच्या आसपास तेलच आहे.

डाळिंबाच्या पानांच्या अर्कामुळे उंदरांच्या विष्ठेतून जास्त चरबी गेल्याचा एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाचून कोणी बागेतली पाने उकळून पिऊ नयेत. माणसात तसा गुण सिद्ध झालेला नाही, आणि त्या पानांवर आपण काय काय फवारतो हे आपल्यालाच ठाऊक आहे.

चरबी खरोखर अडविणारे औषध आहे, त्याचे नाव ऑर्लिस्टॅट. जमिनीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या द्रव्यावरून ते तयार झाले. पहिल्या पावसाच्या मातीला वास येतो तो याच कुळातल्या जिवांमुळे. अमेरिकेत 1999 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे 30 टक्के अडविते. पण तेलकट जुलाब होतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही चरबीबरोबर वाया जातात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. 'गार्सिनिया' नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा तर चरबीच्या शोषणाशी संबंधच नाही, उलट त्या घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. सोलकढी खुशाल प्यावी, गोळ्यांच्या नादी लागू नये.

आता आमच्याच अंगाशी येणारी गोष्ट. चरबी अडविणारा कोणताही पदार्थ साखर अडवीत नाही, आणि जादा साखरेची शेवटी चरबीच होते. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर तिथेच झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले असे सांगितले आहे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापले म्हणून संचालक मंडळ रागावणार नाही अशी आशा आहे! सभासदांची सवलतीची साखर दिवाळीला जरूर घ्या, पोते लवकर संपविण्याची घाई मात्र नको.

मेथी सुरू करायची तर अर्ध्या चमच्यापासून करावी आणि पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट फुगते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, अथवा घरात गरोदर बाई असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.