जुलाब थांबले तरी दोन दिवस घरी

खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईला रात्रभर जुलाब होतात. सकाळी ती मेडिकलमधून जुलाब थांबवणारी गोळी घेते आणि कामावर जाते, कारण खाडा झाला की रोज बुडतो. गोळीने जुलाब थांबतात, पण शौचातून जंतू पडायचे थांबत नाहीत. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही दुसऱ्याला आजारी पाडतात. सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते.

म्हणून स्वयंपाकी, वाढपी, पाळणाघरातल्या ताई, रुग्णालयातले कर्मचारी यांनी शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास कामावर जाऊ नये. त्या दोन दिवसांचा रोज मालकाने द्यावा. पन्नास गिऱ्हाइके आजारी पडण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. कचेरीत बसून काम करणाऱ्यांनीही हेच पाळावे, तिथले स्वच्छतागृह सगळ्यांचे असते.

घरी जलसंजीवनी घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट प्यावे. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढला असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर ती गोळी न घेता थेट दवाखाना गाठावा.